गिटची कमांड बदलली, डॉक मात्र जुनंच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नेमकं कोणासाठी?

ज्यांच्या गळ्यात टीमचं रीडमी, ऑनबोर्डिंग गाईड, डिप्लॉयमेंटचं रनबुक (काम पायरी-पायरीनं सांगणारं पान) असलं काहीतरी पडलंय आणि त्यात जागोजागी गिटच्या, म्हणजे कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या टूलच्या, कमांड लिहिलेल्या आहेत, त्यांच्यासाठी. जे स्वतः एखादं कमांड-लाइन टूल किंवा गिटवर बसणारा रॅपर (आतून गिटच चालवणारं टूल) लिहितात त्यांच्यासाठीही, कारण तिथं कमांड बदलणारे आपणच आणि डॉक मागे ठेवणारेही आपणच. गिट शिकायला आला असाल तर इथं फारसं काही मिळणार नाही.

गिट जुनं काही मोडत नाही म्हणतात ना, मग डॉक शिळं होतंच कसं?

खरंय, गिट सहसा कमांड काढून टाकत नाही. आणि तिथंच फसगत होते. कमांड गायब झाली असती तर लगेच एरर आली असती, कोणीतरी बोंब मारली असती, डॉक दुरुस्त झालं असतं. इथं कमांड तीच राहते, चालतेही, फक्त तिचा डिफॉल्ट, म्हणजे वेगळं काही न सांगितल्यास ती जे करते ते, बदलतो.

सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे साधं गिट पुश, पुढे काहीच न लिहिता. आधी पुश.डिफॉल्टची किंमत मॅचिंग असायची, म्हणजे तुमच्याकडे आणि रिमोटवर (सर्व्हरवरच्या प्रतीत) एकाच नावाच्या जेवढ्या ब्रँच असतील तेवढ्या सगळ्या वर जायच्या, मग तुम्ही त्या क्षणी कुठल्याही ब्रँचवर असा. २०१४ च्या मे महिन्यात गिट २.० आलं आणि तिथून डिफॉल्ट सिंपल झाला, म्हणजे फक्त चालू ब्रँच आणि तीही अपस्ट्रीमचं (तिला जोडलेल्या रिमोटवरच्या ब्रँचचं) नाव तेच असेल तरच. आता २०१३ सालचं एखादं डॉक घ्या ज्यात लिहिलंय की रिलीजच्या दिवशी गिट पुश मारा म्हणजे डेव्हलप आणि रिलीज दोन्ही ब्रँच वर जातील. आज ती कमांड व्यवस्थित चालते, हिरवा कंदील दाखवते आणि एकच ब्रँच पाठवते. कोणालाच कळत नाही. उलट दिशेनं तर अजून वाईट, नव्या गिटवर लिहिलेलं डॉक कोणी सेंटओएस ७ च्या सर्व्हरवर चालवलं तर तिथं डिस्ट्रिब्युशनचं गिट १.८.३.१ आहे आणि तिथं अजून मॅचिंगच चालतं, म्हणजे अर्धवट पडलेल्या लोकल ब्रँचही मुकाट वर जाणार.

त्याच २.० मध्ये गिट ॲड -यू पण बदललं. आधी सबफोल्डरमध्ये उभं राहून मारलं तर तेवढ्याच फोल्डरपुरतं चालायचं, आता पूर्ण वर्किंग ट्रीवर, म्हणजे रेपोच्या सगळ्या फोल्डरवर, चालतं. कमांडचं एक अक्षरही बदललेलं नाही.

मग डॉक लिहितानाच काय काळजी घ्यायची?

माझं ठाम मत: डॉकमध्ये डिफॉल्टवर विसंबून राहायचंच नाही. स्वतःच्या टर्मिनलवर हवं तेवढं आखूड टाइप करा, डॉकमध्ये मात्र जे हवंय ते पूर्ण लिहा.

गिट पुश न लिहिता गिट पुश ओरिजिन आणि पुढे ब्रँचचं नाव लिहिलं की मॅचिंग-सिंपलच्या भानगडीत पडायचं कारणच उरत नाही. नुसतं गिट पुल न लिहिता गिट पुल --एफएफ-ओन्ली (मर्ज न करता सरळ पुढे सरकता येत असेल तरच पुल) लिहा, हा फ्लॅग १.६.६ पासून आहे, म्हणजे जवळजवळ सगळीकडे मिळेल. स्क्रिप्टमधलं गिट मर्ज असेल तर --नो-एडिट जोडा, कारण १.७.१० पासून टर्मिनलवर मर्ज करताना कमिट मेसेजसाठी एडिटर उघडतो आणि रनबुक वाचून काम करणारा माणूस रात्री दोन वाजता व्हिममध्ये अडकून बसतो. गिट ॲड -यू च्या पुढे एक टिंब द्या किंवा पाथ द्या, जे अभिप्रेत असेल ते.

लोक म्हणतात कमांड लांबलचक दिसते, नवीन माणूस घाबरतो. घाबरत नाही, तो कॉपी-पेस्ट करतो. त्याला तीन शब्द काय नि सहा शब्द काय.

गिट पुलबद्दल आमच्या डॉकमध्ये एक लिहिलंय आणि लोकांना वेगळंच दिसतंय, कोण बरोबर?

बहुतेक दोघंही, आपापल्या व्हर्जनमध्ये. पुलचा किस्सा तीन टप्प्यांचा आहे. आधी ब्रँच दोन्हीकडून पुढे गेलेली असेल तर पुल गुपचूप मर्ज करायचं. २.२७ मध्ये, म्हणजे २०२० च्या जूनमध्ये, वॉर्निंग यायला लागली की बाबा रिबेस (आपल्या कमिट नव्या टोकावर पुन्हा मांडणं) हवंय का मर्ज ते ठरव, पण काम तेच व्हायचं. मग २०२१ च्या २.३३ पासून वॉर्निंगची एरर झाली, फेटल: नीड टू स्पेसिफाय हाऊ टू रिकन्साइल डायव्हर्जंट ब्रँचेस, आणि काम थांबतं.

आता यातली मधली पायरी महत्त्वाची. ती वॉर्निंग लोकांना तब्बल वर्षभर दिसत होती आणि बहुतेक टीमनी काय केलं तर डॉकमध्ये एक ओळ घातली, वॉर्निंग आली तर दुर्लक्ष करा. ही ओळ तुमच्याकडे अजून असेल तर आजच काढा. वॉर्निंग म्हणजे गिटनं आधी पाठवलेली नोटीस असते, डॉक अपडेट करायची सगळ्यात स्वस्त वेळ तीच.

कुठलं व्हर्जन धरून लिहायचं? सगळ्यात नवीन?

नाही. तुमच्या लोकांकडे जे सगळ्यात जुनं आहे ते धरून. ते काय आहे हे आधी खरोखर बघा, अंदाज नको. उबुंटू २२.०४ सोबत २.३४.१ येतं, २४.०४ सोबत २.४३.०, मॅकवर एक्सकोडच्या टूल्ससोबत ॲपलचं स्वतःचं बिल्ड येतं, विंडोजवर ज्यानं जेव्हा इन्स्टॉल केलं तेव्हाचं. आणि सीआय (आपोआप बिल्ड-टेस्ट करणारी यंत्रणा) इमेजमधलं गिट कोणी बघतच नाही, तिथं तर अनेकदा म्युझियममधलं सापडतं.

हे कळलं की डॉकच्या वर एक ओळ लिहा: किमान गिट २.२८ लागेल, किंवा जो आकडा तुमचा असेल तो. मग त्या आकड्याच्या आतलीच भाषा वापरायची. उदाहरणार्थ गिट स्विच आणि गिट रिस्टोर २.२३ मध्ये आले, २०१९ चा ऑगस्ट. किमान व्हर्जन त्याच्या खाली असेल तर गिट चेकआउट -बी लिहा, ते सगळीकडे चालतं. गिट इनिट -बी मेन ला २.२८ लागतं, त्याच्या खाली असाल तर पहिल्या कमिटच्या आधी गिट चेकआउट -बी मेन मारलं की तेच काम होतं.

जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धती डॉकमध्ये शेजारी शेजारी ठेवल्या तर?

नको. तुमचं व्हर्जन अमुकपेक्षा जुनं असेल तर हे करा, नाहीतर ते करा, अशा चार ओळी झाल्या की वाचणारा सरळ पहिली दिसेल ती कमांड उचलतो. मुख्य रस्ता एकच ठेवा. जुन्यासाठी अगदीच लागलं तर पानाच्या तळाशी वेगळा भाग, आणि त्याला मरणाची तारीख द्या, म्हणजे कुठला सर्व्हर निवृत्त झाला की हा भाग उडवायचा हे तिथंच लिहून ठेवा. नाहीतर तो कायमचा तिथंच राहतो, काढायची हिंमत कोणाची होत नाही.

काही डेप्रिकेटेड झालं (आता वापरू नका असं जाहीर झालं) पण चालतंय, तर डॉक लगेच बदलायचं का?

सावकाश बदला पण यादी करून ठेवा. गिट स्टॅश सेव्ह आजही चालतं, पण २.१३ पासून गिट स्टॅश पुश आहे आणि मॅन्युअलमध्ये सेव्हला स्पष्ट डेप्रिकेटेड म्हटलंय. हे पुढच्या खेपेला बदललं तरी आभाळ कोसळणार नाही. रिबेसचा --प्रिझर्व्ह-मर्जेस मात्र वेगळी गोष्ट. २.१८ मध्ये त्याची जागा घ्यायला --रिबेस-मर्जेस आला, २.२२ मध्ये जुन्याला डेप्रिकेटेड ठरवलं आणि २.३४ मध्ये काढूनच टाकला. बरं नवीन फ्लॅग लावला की जुन्यासारखंच होईल असं पण नाही, इंटरॅक्टिव्ह मोडमधली टू-डू यादी पूर्ण वेगळी दिसते, लेबल, रिसेट, मर्ज अशा ओळी येतात. म्हणजे डॉकमध्ये फाइंड-रिप्लेस करून भागत नाही, तो उतारा नव्यानं लिहावा लागतो.

गिट फिल्टर-ब्रँच पण याच गटात, २.२४ पासून ते सुरुवातीलाच लांबलचक इशारा देतं आणि फिल्टर-रेपो वापरा म्हणतं. चुकून कमिट झालेला पासवर्ड हिस्टरीतून कसा काढायचा हे सांगणाऱ्या पानावर फिल्टर-ब्रँच अजून असेल तर ते पान सगळ्यात आधी घ्या, कारण ते पान लोक फक्त घाबरलेल्या अवस्थेत उघडतात.

कमांडचं वागणं तेच आहे, फक्त मेसेज बदललाय. त्यानं काय बिघडतं?

बरंच. डॉकमध्ये आपण लिहितो की असं असं दिसेल, मग पुढची पायरी. नवीन माणसाला तसं दिसलं नाही की तो थांबतो आणि विचारायला येतो, किंवा थांबत नाही आणि स्वतःच्या मनानं काहीतरी करतो.

गिट स्टेटस बघा. २.२३ च्या आधी ते फाईल अनस्टेज करायला गिट रिसेट हेड सुचवायचं, त्यानंतर गिट रिस्टोर --स्टेज्ड सुचवतं. डॉकमध्ये रिसेट, स्क्रीनवर रिस्टोर. दोन्ही बरोबर, तरी ज्युनिअरच्या डोक्यात गोंधळ.

एरर मेसेजचं अजून एक आहे, लोक एररचा मजकूर जसाच्या तसा शोधतात. २.३५.२ मध्ये, २०२२ च्या एप्रिलमध्ये, सेफ.डिरेक्टरीची तपासणी आली. रेपोचा फोल्डर दुसऱ्या युजरच्या मालकीचा असेल तर गिट काम करायलाच नकार देतं. सुरुवातीला मेसेजमध्ये अनसेफ रिपॉझिटरी असे शब्द होते, पुढे ते डिटेक्टेड ड्युबियस ओनरशिप असे झाले. तुमच्या ट्रबलशूटिंग पानावर फक्त पहिला मजकूर असेल तर आज शोधणाऱ्याला ते पान सापडणारच नाही, उत्तर त्यात असूनही. त्यामुळे ट्रबलशूटिंगच्या पानावर जुने मेसेज पुसू नका, नव्याच्या शेजारी ठेवा. आधी म्हटलं की दोन पद्धती शेजारी ठेवू नका, ते कमांडबद्दल होतं. लक्षणं जितकी जास्त तितकं बरं.

व्हर्जन नंबर लिहिला की झालं ना?

दुर्दैवानं नाही. वरचाच सेफ.डिरेक्टरीचा बदल घ्या, तो सिक्युरिटीचा होता म्हणून २.३०.३, २.३४.२ अशा जुन्या लाइनमध्येही त्याच वेळी सोडला गेला, आणि उबुंटू २०.०४ च्या २.२५.१ मध्येही पॅकेजवाल्यांनी तो मागे नेऊन लावला. गिट --व्हर्जन मारलं तर २.२५.१ च दिसणार, वागणूक मात्र २०२२ ची. अशा ठिकाणी डॉकमध्ये व्हर्जन न लिहिता लक्षण लिहा, म्हणजे ही एरर दिसली तर हे करा.

आणि हो, उपाय म्हणून सेफ.डिरेक्टरीला तारा (*) लावा, म्हणजे सगळे फोल्डर सुरक्षित मानून मोकळे व्हा, असं लिहून ठेवलं असेल तर निदान ते फक्त वापरून फेकायच्या सीआय कंटेनरपुरतं आहे एवढं तरी लिहा. सगळ्यांच्या लॅपटॉपवर ते गेलं की ती तपासणी असून नसल्यासारखी.

मी डॉकमधल्या सगळ्या कमांड स्वतः चालवून बघितल्या, सगळं बरोबर होतं. तरी लोकांकडे फेल होतंय. का?

तुमच्या ग्लोबल कॉन्फिगमुळे. वर्षानुवर्षं गिट वापरणाऱ्या माणसाच्या कॉन्फिगमध्ये पुल.रिबेस, पुश.ऑटोसेटअपरिमोट, इनिट.डिफॉल्टब्रँच असलं बरंच काही साठलेलं असतं आणि ते आपण कधी घातलं हेही आठवत नाही. म्हणजे तुम्ही तपासलं ते गिट नव्हतंच, तुमचं गिट होतं.

कोऱ्या पाटीवर तपासा. २.३२ पासून गिट_कॉन्फिग_ग्लोबल नावाचं एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, ते डेव्ह-नलकडे (कायम रिकाम्या फाईलकडे) वळवा, सोबत गिट_कॉन्फिग_नोसिस्टम ला १ द्या. त्याहून जुनं गिट असेल तर होम व्हेरिएबल एखाद्या रिकाम्या फोल्डरकडे वळवून काम भागतं. असं केल्यावर पहिली कमिटच नाव आणि ईमेल मागत अडते. मग लक्षात येतं की ऑनबोर्डिंग डॉकमध्ये ती पायरी कधी नव्हतीच.

हे सगळं दर वेळी हातानं करायचं? ऑटोमेट होत नाही का?

होतं, आणि जिथं डॉक चुकलं तर नुकसान मोठं आहे तिथं करायलाच हवं. डॉकमधले कोडचे तुकडे बाहेर काढायचे, तात्पुरत्या फोल्डरमध्ये चालवायचे, निकाल बघायचा. पायथनवाल्यांना डॉकटेस्ट माहीत आहे, तीच कल्पना. मर्क्युरियल या गिटसारख्याच दुसऱ्या टूलच्या टेस्ट फाईल तर दिसायलाच डॉकसारख्या असतात, साधा मजकूर, मध्ये डॉलरच्या खुणेनं सुरू होणारी कमांड, खाली अपेक्षित आउटपुट, आणि त्याच पद्धतीवर बेतलेलं क्रॅम नावाचं वेगळं टूलही आहे.

पण एक सांगतो, आउटपुट अक्षरशः जुळवायच्या मागे लागू नका. कमिटचा हॅश वेळेवर अवलंबून असतो त्यामुळे दर वेळी वेगळा येतो. अगदीच हवा असेल तर नाव, ईमेल आणि ऑथर-कमिटर दोन्ही तारखा एनव्हायर्नमेंटमधून पक्क्या करून टाका. मेसेज मशीनच्या भाषेनुसारही बदलतात म्हणून एलसी_ऑल ला सी द्या. त्यापेक्षा परिणाम तपासलेला बरा, म्हणजे या पायऱ्यांनंतर रिमोटवर ती ब्रँच आहे का, वर्किंग ट्री स्वच्छ आहे का. त्यासाठी गिट स्टेटस --पोर्सिलेन आहे, त्याचं फॉरमॅट व्हर्जन बदललं तरी स्थिर ठेवायचं वचन आहे. माणसांसाठीचं स्टेटस पार्स करणारी स्क्रिप्ट दिसली तर तिला आधी सुधारा, मग डॉककडे वळा.

आणि हीच टेस्ट दोन-तीन गिट व्हर्जनच्या कंटेनरवर चालवा, किमान सपोर्ट असलेलं एक आणि सगळ्यात नवीन एक. जुन्यावर पास आणि नव्यावर फेल झालं की कुठलं पान शिळं झालं हे घरबसल्या कळतं.

गिटवाले स्वतः हे कसं सांभाळतात?

चांगलं सांभाळतात, आणि त्यातलं बरंच उचलण्यासारखं आहे. गिटच्या सोर्समध्येच डॉक्युमेंटेशन नावाचा फोल्डर आहे, मॅन्युअलची पानं ॲस्किडॉकमध्ये तिथंच राहतात. पॅच पाठवायचे जे नियम आहेत त्यात स्पष्ट लिहिलंय की वागणूक बदललीत तर डॉक्युमेंटेशन बदलायला विसरू नका. म्हणजे कोड आणि डॉक एकाच पॅच मालिकेत येतात, रिव्ह्यू करणाऱ्यांच्या नजरेसमोर.

त्यापुढची गंमत म्हणजे टी०४५० नावाची टेस्ट, २.३९ च्या सुमारास आली. कुठल्याही कमांडला -एच दिलं की जी वापराची ओळ छापली जाते ती, आणि मॅन्युअलच्या पानावरचा सिनॉप्सिस (वापराचा सारांश), या दोन्ही एकमेकांशी जुळतात का हे ती तपासते. जिथं आधीपासून जुळत नव्हतं त्यांची एक यादी करून बाजूला ठेवली, म्हणजे जुनं पाप लगेच धुवायची सक्ती नाही पण नवीन तफावत घुसू देणार नाही. ही युक्ती फार कामाची आहे. तुमच्या टूलची डॉक आत्ता कितीही विस्कटलेली असो, आजच्या चुकांची यादी गोठवा आणि यादीत नवीन नाव आलं की बिल्ड फेल करा.

शिवाय गिट हेल्प --कॉन्फिग मारल्यावर कॉन्फिगच्या नावांची जी यादी दिसते ती डॉक्युमेंटेशनमधूनच बिल्डच्या वेळी तयार होते. डॉकमध्ये नोंद नाही तर यादीतही नाव नाही. एकच मूळ ठेवून दोन गोष्टी काढायच्या. मर्क्युरियल हे अजून टोकाला नेतं, तिथं कमांडच्या फंक्शनचा डॉकस्ट्रिंग हाच एचजी हेल्पचा (एचजी ही मर्क्युरियलची कमांड) मजकूर असतो, कोड बदलणाऱ्याच्या डोळ्यासमोरच डॉक.

आमचं स्वतःचं टूल आहे, त्यातल्या एका कमांडचा डिफॉल्ट बदलायचाय. डॉकसकट कसं करायचं?

आधी न करण्याचं उदाहरण. २००८ मध्ये गिट १.६.० आलं आणि गिट-कमिट, गिट-लॉग अशा डॅश जोडून लिहायच्या कमांड पाथमधून काढून आत लिबएक्झेक मध्ये हलवल्या. सूचना आधी दिलेली होती, पण ती रिलीज नोट्स वाचणाऱ्यांपर्यंतच पोचली आणि रिलीज नोट्स वाचतं कोण. स्क्रिप्ट तुटल्या, बरीच ओरड झाली.

पुश.डिफॉल्टच्या वेळी म्हणूनच बेतानं केलं. सिंपल हा पर्याय आधी १.७.११ मध्ये नुसता उपलब्ध करून दिला. मग पुढे डिफॉल्ट बदलणार आहे असं सांगितलं, सेटिंग नसेल तर कमांड चालवतानाच वॉर्निंग, त्यात जुनं वागणं हवं असेल तर ही ओळ, नवीन हवं असेल तर ही ओळ. आणि २.० मध्ये प्रत्यक्ष बदल. दोन वर्षं गेली यात.

तुम्हाला दोन वर्षं लागणार नाहीत पण क्रम तोच ठेवा: पर्याय, सूचना, बदल. आणि प्रत्येक टप्प्याला डॉकचा वेगळा मजकूर लागतो हे लोक विसरतात. पहिल्या टप्प्यात पर्यायाचं वर्णन. दुसऱ्यात, अमुक व्हर्जनपासून डिफॉल्ट बदलेल आणि आत्ताच पक्कं करायचं असेल तर हे सेटिंग. तिसऱ्यात मुख्य वर्णन नव्या वागणुकीचं आणि जुनं एका वाक्यात, तेही व्हर्जन नंबरसकट. वॉर्निंगचा मजकूर पण डॉकच आहे, किंबहुना लोक तेवढंच वाचतात, त्यामुळे त्यात पुढे काय करायचं ती कमांड हवी, नुसतं डेप्रिकेटेड म्हणून हात झटकू नका.

डॉक नंतर वेगळ्या तिकिटात केलं तर चालेल का?

चालत नाही. ते तिकीट बॅकलॉगमध्ये जातं आणि तिथून परत येत नाही. त्याच पुल रिक्वेस्टमध्ये डॉकचा बदल हवा, नसेल तर रिव्ह्यूवरनं मर्ज अडवायचं. रिव्ह्यू करताना एकच प्रश्न विचारा, या बदलानंतर हेल्पच्या मजकुरातलं कुठलं वाक्य खोटं ठरतं? नुसतं डॉक अपडेट केलंस का विचारलं की हो म्हणून लोक पाट्या टाकतात.

डॉक वेगळ्या विकीवर असेल तर हे अवघड जातं, मान्य. म्हणून शक्य असेल तर कमांडबद्दलची पानं तरी कोडच्या रेपोमध्येच आणा, बाकीचं विकीवर राहू दे.

जुन्या डॉकमधून शिळ्या कमांड शोधायच्या कशा?

गिट ग्रेप. एक फाईल बनवा, त्यात एकेक ओळीवर संशयित शब्द: स्टॅश सेव्ह, प्रिझर्व्ह-मर्जेस, फिल्टर-ब्रँच, रिसेट हेड, ओरिजिन मास्टर, व्हॉटचेंज्ड. मग गिट ग्रेपला -एफ देऊन ती फाईल पुरवा. शिवाय नुसतं गिट पुल आणि नुसतं गिट पुश, ज्याच्या पुढे ओळ संपते, ते वेगळं शोधा कारण डिफॉल्टवर विसंबलेल्या जागा त्याच.

सापडलेली ओळ कधीची आहे हे गिट ब्लेमनं बघा. ती तारीख आणि वर दिलेल्या बदलांच्या तारखा शेजारी ठेवल्या की संशय बऱ्यापैकी पक्का होतो. पानाच्या तळाशी छापलेल्या शेवटचा बदल या तारखेवर मात्र जाऊ नका, ती कोणीतरी स्पेलिंग सुधारलं तरी पुढे सरकते. त्याऐवजी गिट २.४३ वर तपासलं अशी ओळ ठेवा, आणि ती फक्त कमांड खरंच चालवून बघितल्यावरच बदलायची.

नवीन रेपो बनवून मेन पुश करा असं लिहिलंय आणि लोकांना एरर येते. सोर्स रेफस्पेक मेन डझ नॉट मॅच एनी.

हे दोन काळांतलं डॉक एकत्र शिवल्यामुळे होतं. गिटहबनं १ ऑक्टोबर २०२० पासून नव्या रेपोची डिफॉल्ट ब्रँच मेन केली. लोकल गिट इनिट मात्र २.x मालिकेत कॉन्फिग नसेल तर अजूनही मास्टरच बनवतं. डॉक लिहिणाऱ्यानं वेबसाईट बघून पुशची ओळ मेन केली, इनिटची ओळ तशीच राहिली. गिट इनिट -बी मेन लिहा, विषय संपला.

याच पानावर युजरनेम आणि पासवर्ड टाका असं लिहिलंय का तेही बघून घ्या. एचटीटीपीएसवरून अकाउंटचा पासवर्ड देऊन पुश करणं गिटहबनं १३ ऑगस्ट २०२१ ला बंद केलंय, टोकन किंवा एसएसएच लागतं.

गिट पुशचा --फोर्स-विथ-लीज (जबरदस्तीनं पुश करायचा, पण आधी तपासणी करणारा फ्लॅग) सुरक्षित आहे असं आम्ही लिहिलंय, ते अजून खरं आहे ना?

अर्धं. रिमोटवरची ब्रँच तुमच्या रिमोट-ट्रॅकिंग ब्रँचशी जुळत असेल तरच ते पुश करतं, पण एडिटर मागच्या मागे फेच करत असेल तर ती ट्रॅकिंग ब्रँच तुम्ही न बघताच ताजी होते आणि तपासणी पोकळ ठरते. २.३० मध्ये यासाठी --फोर्स-इफ-इन्क्लुड्स आला. डॉकमध्ये दोन्ही फ्लॅग एकत्र लिहा, आणि सुरक्षित हा शब्द काढून त्या जागी ते नेमकं काय तपासतं ते लिहा.

बदल झालेत हे आपल्याला कळणार कसं? सगळ्या रिलीज नोट्स वाचायच्या?

सगळ्या नाही. गिटच्या रिलीज नोट्समध्ये बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटीचा भाग असेल तर तो सुरुवातीलाच असतो, तेवढा वाचा आणि मग युआय आणि फीचर्सच्या भागावर नजर फिरवा. अंतर्गत सुधारणांचा लांब भाग सोडून द्या. वर्षातून चार-पाच मोठी रिलीज येतात, फार काम नाही.

एखाद्या कमांडबद्दल शंका असेल तर आधी गिट हेल्प आणि कमांडचं नाव. तुमच्या मशीनवर जे व्हर्जन आहे त्याचंच मॅन्युअल तिथं उघडतं, आणि लोक मात्र इंटरनेटवर दहा वर्षांपूर्वीची उत्तरं धुंडाळत बसतात, काखेत कळसा नि गावाला वळसा. गिटच्या वेबसाईटवरही मॅन्युअलच्या पानावर व्हर्जन निवडायची सोय आहे, दोन व्हर्जनची पानं शेजारी उघडून फरक बघता येतो.

सबव्हर्जन (गिटच्या आधीचं तसंच टूल) वापरणाऱ्यांना हे लागू आहे का?

आहे. १.६ पर्यंत प्रत्येक फोल्डरमध्ये डॉट-एसव्हीएन (सबव्हर्जनच्या नोंदींचा फोल्डर) असायचा, २०११ मध्ये १.७ आलं आणि तो फक्त वर्किंग कॉपीच्या मुळाशी उरला, त्यामुळे सबफोल्डर उचलून दुसरीकडे नेला तरी तो वर्किंग कॉपी म्हणून चालतो असं सांगणारी सगळी डॉक एका झटक्यात चुकली. १.८ मध्ये मर्जचा --रीइंटिग्रेट पर्याय अनावश्यक झाला, तो अजून बऱ्याच ब्रँचिंग गाईडमध्ये ठाण मांडून बसलाय.

गिट ३.० साठी डॉकमध्ये आत्तापासून काय करून ठेवू?

जाहीर झालेल्यांपैकी या तीन गोष्टी धरा. गिट इनिटची डिफॉल्ट ब्रँच मेन होणार, म्हणून इनिटच्या प्रत्येक ओळीत ब्रँचचं नाव आत्ताच लिहा, मग आधी काय नि नंतर काय. गिट व्हॉटचेंज्ड जाणार आहे, २.५१ पासूनच ते --आय-स्टिल-यूज-धिस दिल्याशिवाय चालत नाही, त्याऐवजी गिट लॉग --रॉ लिहा. आणि नव्या रेपोसाठी डिफॉल्ट हॅश शा-१ वरून शा-२५६ होणार, म्हणजे पूर्ण हॅश ४० अक्षरांवरून ६४ अक्षरांचा. कमिट आयडी ४० अक्षरी असतो असं वाक्य, किंवा ४० अक्षरं पकडणारा रेगेक्स (मजकूर शोधायचा नमुना), डॉकमध्ये आणि त्यासोबतच्या स्क्रिप्टमध्ये कुठं कुठं आहे ते शोधून ठेवा. जुने रेपो आपोआप बदलणार नाहीत, त्यामुळे रेगेक्स दोन्ही लांबी पकडणारा हवा.